आबांचा ‘र’

आमच्या आबांनी लढाईत रणगाडा चालवला, हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. आबा म्हणजे माझे वडील. शाळेत कुणी माझी वेणी ओढली की मी सरळ सांगायचे, "माझ्या आबांनी टँक चालवलाय, तुझ्या घरावरनं नेतील." वेणी लगेच सुटायची. लग्न होऊन दौंडला आले, कुरकुंभच्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागले, पुढं तिथंच सुपरवायझर झाले, तरी ही सवय काही गेली नाही. एखादा नवा साहेब आवाज चढवून बोलला की मी म्हणायचे, "साहेब, रणगाडेवाल्याची लेक आहे मी, जरा दमानं घ्या." लाइनवरची बिहारची पोरं हसायची. "मॅडमजी तो खुद टँक है," म्हणायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

माझं माहेर घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या जवळच. आमच्या आधीच्या पिढ्या मेंढरं घेऊन रानोमाळ फिरल्या. आजोबा तर शेवटपर्यंत मेंढरामागंच होते. आबा फौजेत गेले, लढाई बघून आले आणि परत आल्यावर नदीकाठी ऊस लावून स्थिर झाले. आता गावात आमचं पक्कं घर आहे, ट्रॅक्टर आहे, आणि आबांना सगळं गाव ‘फौजी’ म्हणतं.

यंदा गावानं ठरवलं, फाट्यावर रणगाडा उभा करायचा. सिमेंटचा, खऱ्याएवढा. खाली पाटी लावायची की या गावच्या जवानानं टँकवर राहून देशाची सेवा केली, आणि झेंडावंदनाला आबांच्या हस्ते उद्घाटन. सरपंच म्हणजे गावातले बडे बागायतदार आप्पा यांचा मुलगा. त्याचा मला कंपनीत फोन आला.

"आक्का, तोफेचं तोंड कुणीकडं करू? शिरूरकडं का दौंडकडं?"

"दौंडकडं नको रे बाबा," मी म्हटलं, "तिकडं माझं सासर आहे."

मी तर हवेतच होते. शिफ्टमधल्या सगळ्यांना पेढे वाटले. पण त्याच आठवड्यात आईचा फोन आला, की आबा जेवत नाहीत. भाकरी मोडतात, दोन घास खातात आणि ताट सरकवतात. मी विचारलं, तर फोनवर आबा एवढंच म्हणाले, "मला आधी खरा रणगाडा दाखव. मग त्यो सिमेंटचा बघू."

मला वाटलं, म्हाताऱ्याला आपल्या जुन्या गाडीची ओढ लागली. डोळे भरून आले माझे. नगरच्या बाजूला रणगाड्यांचं मोठं संग्रहालय आहे, तिथं न्यायचं ठरवलं. सुट्टी टाकली, गाडी काढली. गाडी मीच चालवते, आणि चांगली चालवते. माहेराहून आबांना घेतलं, न्हावऱ्यावरनं शिरूरला आलो आणि नगर रोडला लागलो. वाटेत मी बडबडत होते आणि आबा खिडकीतनं बघत होते. आबांनी धुतलेलं धोतर, कडक टोपी आणि छातीला जुनी पदकं लावली होती. पदकांवर त्यांनी सारखा हात ठेवला होता.

संग्रहालय म्हणजे काय विचारू नका! मोकळ्या आवारात रांगेनं रणगाडे उभे. एकेकाचं धूड आमच्या ट्रॅक्टरच्या चौपट. चाकांवरचे पट्टे माझ्या छातीपर्यंत येत होते. काही कुठल्या कुठल्या देशांतून आलेले, काही शत्रूचे धरून आणलेले, एकाच्या पोलादाला तर मूठ जाईल एवढं भोक पडलेलं. त्या भोकापाशी माझी बडबड थांबली. आत माणूस बसत असणार, हे तिथं पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं.

तेवढ्यात एका शाळेची सहल आली. पोरांना बघून मला राहवलं नाही. "या रे इकडं! ह्या आजोबांनी खऱ्या लढाईत असला रणगाडा चालवलाय!" पोरांनी गराडाच घातला. पदकं बघून एका सरांनी आबांना नमस्कार केला. दोन वेण्यांतली एक चुणचुणीत मुलगी पुढं झाली आणि तिनं विचारलं, "आजोबा, ह्याला स्टिअरिंग असतं का हो?"

आबा रणगाड्याकडं बघायला लागले. मग माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "मला काय ठावं, बाळ? मी कवा आत बसलोच न्हाई."

पोरं खो-खो हसली. त्यांना वाटलं, आजोबा गंमत करतायत. मीही हसले, पण उसनं. आबांची गंमत मला कळते, आणि ही गंमत नव्हती.

पोरं पुढं गेली तसे आबा चालायला लागले. रणगाड्यांच्या रांगेकडं मान वळवूनही बघेनात. थेट मागच्या शेडकडं निघाले. तिथं फौजेच्या जुन्या मोटारी होत्या. ट्रक, रुग्णवाहिका, जीप. आबा एका मातकट ट्रकपाशी थांबले. त्याच्या पाठीवर लांबोडकी टाकी होती आणि मागं ओळीनं तोट्या. आबांनी पायताण काढलं, तोटीला हात लावला, हात कपाळाला लावला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ही बघ माझी गाडी."

"हा तर पाण्याचा टँकर आहे, आबा."

"व्हय. टँकरच म्हणत व्हतो मी. गावानं टँक ऐकलं."

झालं! एका ‘र’चा घोटाळा. लढाई संपल्यावर आबा सुट्टीवर आले, चावडीपुढं एसटीतनं उतरले आणि लोकांनी विचारलं, फौजेत काय करतोस. आबा म्हणाले, टँकरवर हाय. तेव्हा आमच्या भागात पाण्याचा टँकर कुणी बघितलाच नव्हता, तो आला पुढं दुष्काळात. शाळेच्या गुरुजींना मात्र टँक माहीत होता. त्यांनी ओट्यावर उभं राहून सगळ्यांना समजावलं, टँक म्हणजे रणगाडा. संपलं. लोकांनी आबांना खांद्यावर घेतलं.

माझं डोकंच फिरलं. आवाज चढला तसे शेडमधले लोक बघायला लागले. "आणि तुम्ही काय मिठाची गुळणी धरून बसला होता का? मी आयुष्यभर सांगत फिरले! कंपनीत, सासरी, सोयऱ्याधायऱ्यांत! ‘न्हाई वो, पाण्याची गाडी हाय’ एवढं बोलायला काय झालं होतं?"

आबा ट्रकच्या पायरीजवळ जमिनीवरच बसले. मला खाली बसायची खूण केली.

"बोलणार व्हतो. तोंड उघडलं बी व्हतं. तेवढ्यात आप्पाच्या बापानं माझ्या बाला हाक मारली. मेंढरं राखणारा माणूस, चावडीवर कवा वर चढला नव्हता. खालीच उभा राहायचा, काठीवर हनुवटी टेकवून. त्येला म्हणले, ये वर, आन् खुर्ची मागवली. माझा बा खुर्चीवर बसला गं. टोकावर बसला. पाठ बी टेकवली न्हाई त्येनं, खुर्ची मळंल म्हणून. मी तोंड मिटलं. मला काय ती खुर्ची त्येच्या खालनं वढायची व्हती व्हय?"

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. रागही येत होता आणि रडूही येत होतं.

लहानपणीची एक गोष्ट तिथं आठवली. गावात पहिल्यांदा टँकर आला तेव्हा हंड्यांची चेंगराचेंगरी झाली होती. आबांनी ड्रायव्हरच्या हातनं पाइप घेतला आणि थेंब न सांडता एकेक हंडा भरून दिला. आधी पोटुशा बाया, मग म्हाताऱ्या, मग बाकीचे. मी मैत्रिणीला म्हटलं होतं, रणगाडा चालवणाऱ्याला पाइप म्हणजे काय अवघड! आता त्या तोट्यांकडं बघून मला माझीच कीव आली.

"लढाईत मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"पाणी नेलं. वाळवंटात दुसरं काय न्यायचं? रातीच्या खेपा, दिवे बंद, पुढच्या गाडीच्या चाकोरीवर चाक ठिवायचं. मला लढायला लागलं न्हाई. भ्यायला मातुर लई लागलं." आबा थोडं हसले. "रणगाड्यातली पोरं तापून बाहेर यायची, हातातला मग पाण्यासाठी पुढं करायची. मी तोटी सोडायचो. त्येंच्यातली कायजण दुसऱ्या खेपेला दिसायची न्हाईत. आता त्येंच्या रणगाड्यावर माझं नाव घालायचं? मी मेल्यावर बी ते फाट्यावर उभं राहणार. नको. पण खरं बोललो की बाची खुर्ची जाती. ह्यातच घास अडकलाय बघ."

आबांचा घास कुठं अडकला होता, ते मला आता कळलं. परतीच्या वाटेवर शिरूरला चहाला थांबलो तेव्हा मी सरपंचाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"आक्का, काय बोलताय! टँकर? आवो, दर उन्हाळ्यात तालुक्याला टँकरसाठी हात जोडतो मी. त्येचाच पुतळा उभा करू व्हय फाट्यावर? लोक शेण घालतील तोंडात. आन् पाटी रंगवून झालीया."

"मग त्यात एक र घाल. जागा नसेल तर बारीक घाल."

पाटीवरचा तो र आजही बाकीच्या अक्षरांपेक्षा बारीक आहे. तोफेच्या नळीसाठी आणलेला पाइपही वाया गेला नाही, तो सिमेंटच्या टँकरच्या टाकीला वापरला. पण ही गोष्ट नंतरची. आधी ग्रामसभा झाली. सरपंच म्हणाला, सभेपुढं कोण सांगणार? मी म्हटलं, मी सांगते, माझी जीभ काय झिजलेली नाही. आबा म्हणाले, "माझी बी शाबूत हाय. तू गप बस."

सभा चावडीपुढंच होती. ओट्यावरच्या खुर्च्यांवर आप्पा आणि त्यांच्या बरोबरीची माणसं. आबांनाही तिथंच खुर्ची होती, पण ते उठून उभे राहिले. काठी न घेता उभे राहिले. "मी टँकवर नव्हतो. टँकरवर व्हतो. पाणी वाहिलं. गुरुजींनी ऐकण्यात चूक केली आन् मी ती तशीच ऱ्हाऊ दिली. बासाठी ऱ्हाऊ दिली. आता मला ती नको." बस, एवढंच. लांबण लावली नाही.

मागनं कुणीतरी बोललं, "म्हंजी पाणक्या व्हता की!" आणि हशा पिकला. मी त्या आवाजाच्या दिशेनं निघालेच होते, पण आईनं पदर धरला. आबा तसेच उभे होते. मागच्या खुर्चीकडं त्यांनी बघितलंही नाही. ते आता कुठं उभे राहतील, आजोबांसारखे खाली जातील का, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि ते खरंच ओट्याच्या पायरीकडं वळले.

तेव्हा आप्पा उठले. आप्पा गुडघ्यांनी बेजार, त्यांना उठायला मुलाचा हात लागतो. त्या दिवशी त्यांनी हात घेतला नाही. आबांना ते जन्मभर अरे-तुरे करत आले. फौजी, ये रे, फौजी, बस रे. त्यांनी आबांची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि आबांच्या पुढ्यात आणून ठेवली.

"त्या दिवशी तुमच्या बाला खुर्ची मीच आणून दिली व्हती," आप्पा म्हणाले. "बापानं सांगितलं म्हणून. मनातनं न्हाई. आज मनातनं आणलीया. बसा, आबा."

हसणारं तोंड कुठं गेलं कुणास ठाऊक. आबांनी टोपी सारखी केली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि बसले. पाठ टेकवून बसले.