बिनआवाजाचं भाषण

टॅबिथा होल्डनचा आवाज मुळातच फाटका, त्यात वीस वर्षं गिरणीत गेलेली. लँकेशायरच्या त्या गावात मागांच्या खडखडाटात शेजारणीची हाकही कानावर येत नसे, म्हणून विणकर बायका नुसते ओठ ताणूनताणून बोलत. सासूच्या कागाळ्या, मुकादमाच्या नकला, सगळं बिनआवाजी. असल्या बाईला भाषणाला उभं करणं म्हणजे चेष्टाच होती. पण दुसरं कुणी तयारच नव्हतं.

आदल्या महिन्यात लंडनहून पिसांच्या टोपीतल्या एक बाई येऊन बायकांच्या मताधिकारावर छान बोलून गेल्या. गिरणीतल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि घर गाठलं. टॅबिथा आणि आणखी दोघीतिघी तेवढ्या मताच्या बाजूने उरल्या.

"त्यांना मत हवंय तर त्यांनी घ्यावं की," फ्लोरी पिलिंग म्हणाली. ती टॅबिथाच्या शेजारच्या मागावर असे, आणि तिचाच शब्द विणकामाच्या सगळ्या खात्यात चाले. "आपल्यातली कुणी बोलू दे. तिचं ऐकून घेतलं तर आम्ही पण तुमच्यात. तिला हुसकलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. काय टॅबे, चढतेस गाडीवर बोलायला?"

असं सगळ्यांदेखत डिवचल्यावर टॅबिथा शनिवारी बाजारचौकात कोळशाच्या गाडीवर चढली.

समोर बायका होत्या. त्यांच्या पाठीमागे कोळशाच्या खाणीतले खाणवाले, आणि त्यांच्यात हातघंटा घेतलेला एक खाटीक.

"होल्डनबाई, घरी नवऱ्याचा चहा कोण करतंय?" खाटकाने विचारलं.

"तोच करतो. बरा करतो. तुमच्या बायकोला पाठवा प्यायला."

हशा पिकला तसा खाटीक चिडला आणि घंटा बडवू लागला. टॅबिथाने दोनदा सुरुवात केली, दोन्हीदा शब्द घंटेखाली गेले. तिला खरोखर रडू येत होतं. समोर फ्लोरी हाताची घडी घालून वाट बघत होती.

तिच्याकडे बघून सवयीने टॅबिथाचे ओठ हलले, 'या मेल्याला आपल्या खात्यात आण. आपल्या मागांपुढे याची घंटा म्हणजे रातकिड्याची किरकिर.'

फ्लोरी फिसकन हसली. मग टॅबिथा तशीच बोलत राहिली, ओठ ताणून, सगळ्या चौकाला दिसेल असं. 'युनियनची वर्गणी आपण भरतो. त्यावर आपला खासदार लंडनला जेवतो. त्याला निवडतं कोण? हा घंटावाला. किती दिवस दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायचं?'

सगळ्या बायकांनी एकदम वळून खाटकाकडे पाहिलं. त्याचा हात थांबला.

"काय म्हणाली? माझ्याबद्दल काय म्हणाली ती?"

"अहो बाई," एक खाणवाला ओरडला, "जरा मोठ्यानं बोला की."

मग टॅबिथा आपल्या फाटक्या आवाजात बोलली आणि त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी मताच्या मागणीसाठी बायकांचे हात वर झाले. फ्लोरीचा सगळ्यांच्या मागून, पण झाला.

मत मिळायला पुढे दहा वर्षं आणि एक महायुद्ध लागलं. तोवर टॅबिथाचे कान पार गेले होते. मतदानाला टेबलामागच्या माणसाने नाव विचारलं, ते तिने त्याच्या ओठांवर वाचलं.

"टॅबिथा होल्डन," ती म्हणाली. आपण किती मोठ्याने बोलतोय हे तिला कळलं नाही. बाहेर रांगेत फ्लोरीने दचकून मान वर केली, आणि फ्लोरी तर तिच्याहून बहिरी होती.