नोबुएने ठेवलेला मधला चौकोन

चढाच्या तिसऱ्या वळणावर नोबुए थांबली. थडग्यावर वाहायच्या शिकिमीच्या डहाळ्यांची जुडी या हातातून त्या हातात घेतली आणि खाली धक्क्याकडे बघत म्हणाली, "गेली बघ."

आम्हाला उतरवून बोट परत निघाली होती. बुटकी, पांढरी, कडेला गंजाचे ओघळ आलेली.

"संध्याकाळी येईल की परत," मी म्हणाले.

"आज येईल," ती म्हणाली आणि चालू लागली.

कोमोजिमा बेटाची ही बोट मार्चअखेर कायमची बंद होणार होती. दिवसरात्र सारखे होतात तो आठवडा चालू होता. या दिवसांत इकडे सगळे आपापल्या पितरांच्या थडग्यांवर जातात. नोबुएच्या वडिलांचं थडगं डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, आणि बेटावरची बस बंद होऊन जमाना झालेला. नोबुएची आई फुसानोबाई सत्त्याऐंशीची. गुडघे कामातून गेलेले, म्हणून ती घरीच थांबली होती. निघताना दारातून ओरडली होती, "त्यांना सांगा, फार घाई करू नका, मी मागनं येतेच आहे म्हणून!" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसली होती.

नोबुए काजिहारा माझी शेजारीण. समोरच्या किनाऱ्यावरच्या बंदराच्या गावात, माझा नवरा जिथे जहाजं बांधण्याच्या कारखान्यात लागला तिथे, तिचं नि माझं घर एका भिंतीला भिंत लावून आहे. तीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. मीठसुद्धा नाही. उलट तीच काहीबाही आणून द्यायची. संत्री, सुकी मासळी, दारातला कांदा.

ती याच बेटावर जन्मली. वडिलांची उतारावर संत्र्यांची बाग होती. शाळेसाठी रोज याच बोटीने पलीकडे जायची, आणि बोटीवर इंग्रजीचे शब्द पाठ करायची. ती म्हणायची, "लाटा मोठ्या असल्या की शब्द पक्के बसायचे. पोटातलं विसरायला डोक्यात काहीतरी लागायचं ना!" शिकून ती भाषांतराच्या कामाला लागली. आधी जहाजांच्या इंजिनांची पुस्तकं केली. मग एका एजन्सीने तिला मतदानाचे आणि मतचाचण्यांचे कागद द्यायला सुरुवात केली, आणि ती तिथेच रुळली.

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, त्यात काय आहे? पसंत, नापसंत, माहीत नाही, संपलं. पण नोबुए त्या चार शब्दांसाठी चार दिवस बसायची. एकदा एका इंग्रजी कागदात प्रश्न आला, 'उमेदवार मत मागायला तुमच्या दाराशी आला होता का?' आता इथे उमेदवाराने दारोदार फिरणं कायद्यानेच बंद. नोबुए म्हणाली, "हे जसंच्या तसं छापलं तर म्हातारी माणसं घाबरतील. त्यांना वाटेल, पोलिसांनीच विचारलंय." दुसऱ्या एका कागदात 'पसंतीच्या नावापुढे खूण करा' असं होतं. इथे मतपत्रिकेवर नावच छापलेलं नसतं. मतदाराने ते पेन्सिलीने स्वतःच्या हाताने लिहायचं. असं प्रत्येक ठिकाणी. शब्द सापडायचा, पण त्या शब्दाच्या मागे उभा राहणारा माणूस इकडे वेगळाच.

ती कधी वैतागली की मी म्हणायचे, "दे ना लिहून कायतरी. कोण वाचतंय?"

"ज्याला खूण करायचीय तो वाचतो," ती म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तिच्याकडे असाच एक कागद आला. परदेशी सल्लागार कंपनीने तयार केलेला. एक 'सेवा' बंद करायचा विचार आहे, त्याबद्दल रहिवाशांचं मत काय? कुठली सेवा, कुठलं गाव, काहीच लिहिलेलं नव्हतं. त्या जागा मोकळ्या. असे कागद सरसकट बनवतात आणि नावं नंतर भरतात. उत्तराला चार चौकोन होते: पूर्ण संमती, थोडी संमती, थोडा विरोध, पूर्ण विरोध.

नोबुएला ते खटकलं. तिने एजन्सीला लिहिलं की आमच्या माणसांना असं कोपऱ्यात गाठू नका. या चारांतलं एक निवडा म्हटलं तर निम्मे लोक कागद कोराच ठेवतील. मध्ये एक चौकोन द्या, 'नक्की असं सांगता येत नाही' म्हणून. एरवी तिच्या पत्रांना उत्तरही यायचं नाही. या वेळी आलं. सूचना मोलाची आहे, मान्य आहे, आभार.

त्या दिवशी ती माझ्या दाराशी आली ती हसतच. हातात टरबूज. "आज माझं ऐकलं त्यांनी!" म्हणाली. आम्ही ते टरबूज ओट्यावर बसून मीठ लावून खाल्लं. एवढी खूश मी तिला मुलाच्या लग्नातही बघितली नव्हती.

शरदात ती आईकडे गेली. फुसानोबाई कट्ट्यावर बसून लसूण सोलत होती आणि शेजारी फिरती पाटी पडली होती. ही पाटी म्हणजे वाडीचा कारभार. नळ कधी बंद, रानडुकरांसाठी सापळा कुठे, कोण वारलं, सगळे कागद त्या पाटीला अडकवायचे. पाटी एका घरातून दुसऱ्या घरात जाते. वाचायची, नावापुढे शिक्का मारायचा, शेजारी नेऊन द्यायची. त्या दिवशी पाटीला बोटीबद्दलचे मतांचे कागद होते. प्रत्येक घराचा एक, नावानिशी, एकाखाली एक चिमट्यात अडकवलेले.

नोबुएने वरचा कागद वाचला. दुसऱ्या ओळीतच तिला आपली वाक्यं ओळखू आली. मोकळ्या जागेत आता 'कोमोजिमा बोटसेवा' असं छापलेलं होतं.

"आई, हे पाटीवर कसं आलं? प्रत्येकाने एकट्याने भरून पाकिटात घालून पाठवायचं, असं लिहिलंय ना इथे वर?"

"पाकिटं होती की. कुनितोमीसान म्हणाले, पोस्टाला कशाला त्रास? पाटी फिरतेच आहे."

"आणि तू कुठे खूण केलीस?"

"मध्ये."

"मध्ये? अगं, बोट बंद झाली तर तू डॉक्टरकडे कशी जाणार? मी कशी येणार?"

"कुनितोमीसाननी मध्ये केलीय. त्यांच्या खालच्यांनी मध्ये केलीय. मी काय एकटीच जाऊन टोकाला बसू?" फुसानोबाईने लसणाची साल फुंकून टाकली. "आणि तो बोटीवरचा मुलगा रोज माझी पिशवी उचलून देतो. त्याच्या कंपनीला तोंडावर विरोध म्हणून लिहू? काय म्हणेल तो?"

"आई, त्याची नोकरी जाईल बोट बंद झाली तर!"

"म्हणून तर. आधीच बिचारा काळजीत असेल." मग कागदावर बोट ठेवून म्हणाली, "पण ज्याने कुणी हे लिहिलंय ना, तो समजूतदार आहे हां. मधली जागा ठेवलीय. नाहीतर आमची पंचाईतच होती."

नोबुएने हे मला सांगितलं ते थडग्याच्या वाटेवर, त्या चढावर. दीड वर्ष मनात ठेवलं होतं. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, पायाखाली बघत होती. वाटेवर रानडुकरांनी उकरलेली माती होती, आणि दोन्ही बाजूंच्या बागांत न तोडलेली संत्री झाडाखाली सडून काळी पडली होती.

त्या दिवशी ती तशीच उठून कुनितोमीसानकडे गेली होती. ते वाडीचे प्रमुख. अंगणात जाळं दुरुस्त करत बसलेले.

"काका, तुम्हाला बोट बंद व्हायला हवीय का?"

"वेडी का काय तू, फुसानोच्या पोरी? बोट गेली तर बेट गेलं."

"मग विरोध म्हणून का नाही लिहिलंत?"

"मध्ये लिहिलं म्हणजे विरोधच की! हे कळत नाही का कुणाला? मनापासून हवं असतं तर 'हो' लिहिलं असतं ना." त्यांनी सुई दातात धरून गाठ आवळली. "शहाण्या माणसाला तेवढं पुरतं. कंपनी समजून घेईल."

"काका, ते मोजणारे इथले नाहीत. ते फक्त चौकोन मोजतात."

"मोजणारे माणसंच असतील की," कुनितोमीसान म्हणाले. "आणि आता पाटी खालच्या वाडीला गेली. परत मागवली तर काय म्हणतील लोक? आमच्यावर विश्वास नाही का, म्हणतील."

नोबुएने एजन्सीला लिहिलं. कागद पाटीवरून फिरले, सगळ्यांनी एकमेकांचं बघून भरले, मधला चौकोन म्हणजे इथे 'नाही'च असतं, सगळं लिहिलं. मग धीर करून तेही लिहिलं, की हे माझं गाव आहे. तिथून उत्तर आलं. भाषांतराबद्दल काही शंका असतील तर जरूर कळवाव्यात. निष्कर्षांवर भाषांतरकारांनी मत देण्याची पद्धत नाही.

वर्षभराने निष्कर्ष पेपरात आला. बहुसंख्य रहिवाशांची ठाम भूमिका नाही, तीव्र विरोध आढळला नाही. कुनितोमीसाननी म्हणे तो पेपर दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "यांना माणसांचं बोलणं कळत नाही." नंतर त्यांनीच निरोपाच्या दिवशी बोटीला बांधायला रंगीत फिती मागवल्या. सगळ्यांनी वर्गणी दिली. नाही कुणी म्हटलं नाही.

आम्ही पोचलो. नोबुएने दगड धुतला, घासला, जुन्या सुकलेल्या डहाळ्या काढून नव्या लावल्या. तिच्या आईने दिलेले भाताचे नि लाल चवळीच्या गोड सारणाचे लाडू ठेवले, उदबत्त्या लावल्या. वाऱ्याने त्या लागेनात. मी हातांचा आडोसा केला. आजूबाजूची निम्मी थडगी उघडीबोडकी. माणसं शहरात गेली आणि जाताना काहींनी पूर्वजांच्या अस्थीही काढून नेल्या. त्या जागी नुसते चौथरे होते. मीही हात जोडले. काय मागावं कळेना. बोटीचं मागून उपयोग नव्हता, देवालासुद्धा अडचणीत टाकल्यासारखं झालं असतं. म्हाताऱ्याला शांती मिळो, एवढं म्हटलं मनाशी, आणि थांबले.

नोबुए बराच वेळ उकिडवी बसून होती. तिच्या नवऱ्याला आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायला दवाखान्यात न्यावं लागतं. त्याला सोडून ती बेटावर येऊन राहू शकत नाही. बोट थांबली की पोस्टाची होडी येईल, तीही हवा चांगली असेल तेव्हा, आणि तिच्यात माणसांना बसवत नाहीत. म्हणजे फुसानोबाईने एकतर लेकीच्या दोन खोल्यांत यायचं, नाहीतर इथे एकटीने राहायचं, लेक दिसणार नाही अशी.

"तिने काय ठरवलंय?" उतरताना मी विचारलं.

"नव्या वर्षाला विचारलं मी. म्हटलं, आई, माझ्याकडे येशील का?"

"मग?"

"म्हणाली, तुला सोयीचं असेल तसं."

"अगं मग ये म्हणावं."

"कसं म्हणू? ते हो होतं का नाही, मला कळलं नाही." नोबुए थांबली. "मी परत विचारलं. तर म्हणाली, तू म्हणशील तसं. तिसऱ्यांदा विचारलं तर उठून चहा करायला गेली. ती यायला तयार होईल, ते मला माहीतेय. मी सामान बांधलं तर मुकाट्याने बसेल बोटीत. आणि सहा महिन्यांत खिडकीशी बसून बसून मरेल, आणि तोवर रोज म्हणेल, किती छान आहे गं तुझं घर. आणि इथे ठेवली तर एखाद्या थंडीत पडेल, नि कळायलाच आठ दिवस लागतील. दोन्हीकडे तेच आहे. मला फक्त एवढं कळायला हवंय की तिला कुठलं हवंय."

खाली घर दिसायला लागलं. फुसानोबाईने आम्हाला पाहिलं असावं. दारात उभी राहून तिने दोन्ही हात वर केले आणि ओरडली, "इंदोसान! चहा टाकलाय! नोबुला म्हणावं पाय आपट, चिखल आणू नको आत!" बेटावर मला सगळे इंदोसानच म्हणतात, म्हणजे भारतातली बाई. माझं नाव त्यांच्या जिभेला जड जातं.

नोबुएने हात हलवून दाखवला. मग वाटेच्या कडेला, आईला दिसणार नाही अशा झाडाआड, तिने माझ्या स्वेटरची बाही धरली.

"तू विचार तिला," ती म्हणाली. "मी खाली टाकीवर बादली धुवायला म्हणून जाते. तू गावातली नाहीस, घरातली नाहीस. तुझ्यापुढे तिला कुणाचं मन राखायला नको. नोबुकडे जायचंय का, एवढंच विचार. आणि नाही म्हणाली, तर मला बरं वाटावं म्हणून फिरवून सांगू नकोस. नाही असंच सांग."