शिवेपलीकडची हाक

हा अनुभव लिहावा की नाही, हे माझं बरेच दिवस ठरत नव्हतं. देवीची कृपा झाली म्हणायचं, तर लिहिणाऱ्याचं मन आनंदानं भरून आलेलं असायला हवं. माझं तसं झालं नाही. संकटातून मी सुटले हे खरं, पण त्या दिवशी जे कळलं त्याची कडू चव अजून तोंडातून गेलेली नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "कडू तर कडू. झालं तसं लिही." म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. शाळा मात्र कल्याणची, इंग्रजी माध्यमाची. घरची बोली मी शाळेत कधी तोंडातून निघू दिली नाही आणि शाळेतली भाषा घरी कुणाला कळत नव्हती. त्यामुळे दोन्हीकडे गप्प राहायची सवय लागली. देवीच्या बाबतीतही तसंच. आमची गावदेवी म्हणजे उंबराखालचा शेंदूर लावलेला दगड. गावाच्या शिवेच्या आत ती राखण करते, शिवेबाहेर ज्याचा तो देव, असं आमच्याकडे मानतात. मी तिच्या पाया पडायचे, पण शीव ओलांडून आले की तिला विसरायचे.

कंपनीनं वर्षभरासाठी कॅनडाला पाठवलं तेव्हा तिथे रेवती आणि सिद्धी भेटल्या. एक ठाण्याची, एक पुण्याची. तिघी एकाच ऑफिसात. आयुष्यात पहिल्यांदा मी न विचारता कुणी मला आपल्या टेबलावर जेवायला बोलावलं ते त्यांनी. म्हणून त्यांनी अलास्काच्या क्रूझचा बेत केला आणि "तूही चल" म्हणाल्या, तेव्हा मी विचारसुद्धा केला नाही. तिघींची एकच खोली ठरली. मी तोपर्यंत भातसा धरणाच्या पाण्यापेक्षा मोठं पाणी बोटीतून पाहिलं नव्हतं. जहाज निघालं तेव्हा मी कठड्याला धरून उभी होते. दोन्ही बाजूंनी काळपट हिरवे डोंगर थेट समुद्रात उतरलेले, वर बर्फ, आणि माणसाची वस्ती कुठेच नाही. इतकं सुंदर काही मी मैत्रिणींबरोबर पाहते आहे, याचंच मला जास्त अप्रूप होतं.

तिसऱ्या दिवशी जहाज एका छोट्या बंदराला लागलं. दुपारनंतर ठरल्या वेळी ते सुटणार, मागे राहिलेल्यासाठी थांबणार नाही, असं पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. आम्ही तिघी जंगलातल्या वाटेनं एका तळ्याकडे निघालो. त्या दोघी दर दहा पावलांवर फोटो काढत होत्या. मला हळू चालता येत नाही. "तू हो पुढे गं, आम्ही येतोच," रेवती म्हणाली.

वाटेला फाटे फुटत होते. आमच्याकडे बायका शेवळं, म्हणजे पावसाळी रानभाजी, काढायला रानात जातात, तेव्हा पुढची बाई फाट्यावर चुकीच्या वाटेवर आडवी फांदी टाकते. म्हणजे, इकडे नका येऊ, मी इकडे गेले नाही. लहानपणी आईनं मला हे शिकवलं होतं. मी प्रत्येक फाट्यावर गळून पडलेली एक हिरवी फांदी उचलून आडवी ठेवत गेले. त्या दोघींना याचा अर्थ माहीत असायचं काही कारण नाही, हे मला तेव्हा सुचलंच नाही. आपल्या माणसांना आपल्या खुणा कळतात, असं मी धरून चालले.

तळ्याकाठी मी खूप वेळ थांबले. कुणी आलं नाही. फोनला रेंज नव्हती. मग धुकं उतरलं, तेही असं की समोरचं झाडसुद्धा दिसेना. मी परत फिरले. माझ्याच फांद्या बघत येत होते, पण एका ठिकाणी फांदी नव्हती. कुणीतरी वाट मोकळी करायची म्हणून भल्या मनानं बाजूला फेकली असावी. मी चुकीच्या बाजूला वळले आणि एका ओढ्याशी येऊन थांबले. तिथे काठावर अर्धवट खाल्लेला मोठा मासा पडलेला होता. अजून ताजा. तो अस्वलानं खाल्ला असणार, हे कळायला मला वेळ लागला नाही. मी ओरडले नाही. पासपोर्ट जहाजावर, सामान जहाजावर, आणि जहाज सुटायला आलेलं. एका दगडाला टेकून मी खाली बसले.

त्या क्षणी मला प्रार्थना नीट सुचली नाही. मी मनात एवढंच म्हणाले, "आई, तुझी हद्द इथवर नाही, हे मला माहीत आहे. पण दुसऱ्या कुणाचं नाव मला येत नाही." मग मी डोळे मिटून घेतले. मैत्रिणी येऊ देत, असं मागितलं. अगदी नावं घेऊन मागितलं.

थोड्या वेळानं धुक्यातून कुणीतरी मोठमोठ्यानं बोलत येत असल्याचा आवाज आला. एक वयस्क बाई होती, तिथलीच, रुंद चेहऱ्याची. हातात रानफळांची बादली. अस्वलाला चाहूल लागावी म्हणून ती स्वतःशीच बोलत येत होती. मला पाहून ती इंग्रजीत म्हणाली, "फांद्या ठेवणारी तूच ना?"

मी मान हलवली.

"आमच्याकडेही ठेवायच्या. आता कुणी ठेवत नाही. कुणासाठी ठेवत होतीस?"

"मैत्रिणींसाठी. त्या मागून येत आहेत."

तिनं बादली खाली ठेवली. "दोघीजणी? त्या तर केव्हाच परत गेल्या. मी त्यांना विचारलं, पुढे तुमचं कुणी आहे का. येईल ती, तिला सवय आहे, म्हणाल्या." मग तिनं मला हाताला धरून उठवलं. "खुणा ठेवणारं माणूस बाहेर आलेलं दिसेना, म्हणून मीच आत आले. चल. बोटीवरची आहेस ना? मग रडायला वेळ नाही."

तिच्या जुन्या गाडीतून तिनं मला धक्क्यावर पोचवलं. वाटेत तिनं मला मूठभर आंबट फळं खायला लावली. जहाजाची शिडी काढायची तयारी चालली होती. मी धावत सुटले, मागे वळून हात हलवला, आणि आत शिरले.

रेवती आणि सिद्धी चहाच्या टेबलावर केक खात होत्या.

"आलीस? आम्हाला वाटलं, खोलीत झोपली असशील," सिद्धी म्हणाली. तिघींत मिळून असलेली खोलीची एकच चावी तिच्याच समोर पडलेली होती.

"अगं, हिचे बूट भिजले, म्हणून आम्ही फिरलो. आणि तू तर जंगलातलीच," रेवती हसली. "आम्हाला तुझी कसली काळजी? तिथल्या अस्वलालाच तुझी भीती वाटली असेल!"

मीही हसले. इतकी वर्षं तेच करत आले होते. पुढच्या दिवसांत हिमनदी पाहिली. तिचा कडा कोसळताना सगळं जहाज टाळ्या वाजवत होतं. मी एकटी मागच्या डेकवर जाऊन बसायचे. मी देवीकडे ज्यांना मागितलं त्या आल्या नाहीत. जिला मागितलं नव्हतं, जिला मी ओळखतही नव्हते, ती आली. हा विचार मनाला निववत होता आणि त्याच वेळी टोचतही होता. आपण मागतो ते माणसांचे चेहरे धरून. देणारी ते चेहरे बघत नसावी.

वर्ष संपून गावी आले, तेव्हा आई मला उंबराखाली घेऊन गेली. देवीला गाऱ्हाणं घालताना, म्हणजे कुणाची तरी राखण कर म्हणून विनवताना, ज्याच्यासाठी घालायचं त्याचं नाव घ्यावं लागतं.

"त्या बाईचं नाव काय गो?" आईनं विचारलं.

"विचारायचं राहिलं."

आईनं कपाळावर हात मारला. "एवढी शाळा शिकलीस नि नाव नाय इचारलंस! मंग तिची राखण कर म्हणून हिला सांगू तरी कसं?" मग देवीकडे वळून म्हणाली, "बाय, आमाला नाव नाय ठाव. तुला ठाव हाये. तूच धाडलीस, तूच सांभाळ."

एवढ्यावर संपेल असं मला वाटलं. पण आई थांबली नाही. मी परदेशी गेल्यापासून ती रोजच्या गाऱ्हाण्यात माझ्या मैत्रिणींचीही नावं घेत होती, हे मला तेव्हा कळलं. "नि ती रेवती, नि ती सिद्धी. पोरी एकट्या हायेत तिकडं. त्यांना पण बघ."

त्यांचं नको, असं अगदी ओठांवर आलं होतं. सगळा प्रकार आईला ठाऊक होता, तरी तिनं त्यांची नावं घेतली. माझा राग गेलेला नाही, आणि तो गेला असं देवीसमोर खोटं कशाला सांगू? पण माझी हाक जिनं हद्द न बघता ऐकली, तिनं कुणाला सांभाळावं हे सांगणारी मी कोण? आईचं गाऱ्हाणं पुरं होईपर्यंत मी जोडलेले हात सोडले नाहीत. त्या दिवशी मला तेवढंच जमलं.