रंगाखाली गेलेले आबा

चित्रं काढणाऱ्या बाईला आमच्याकडे कुणी चित्रकार म्हणत नाही. निघोज्याला माहेरी गेलं की बायका विचारतात, लग्नातल्या रांगोळ्या घेतेस का गं, आणि कासारवाडीतले माझे शेजारी त्यांच्या पोरांच्या वह्यांतले बेडूक माझ्याकडून काढून नेतात. मी शाळेत ड्रॉइंग शिकवते. अर्धं आयुष्य मुलांना वांगं आणि कळशी काढायला लावल्यावर माझं स्वतःचं पहिलं प्रदर्शन ठरलं, तेव्हा मला आनंद झाला होता. चांगला उड्या मारण्याइतका झाला होता. आता त्या आनंदाची आठवणही नको वाटते.

विषय मीच काढला होता, बसलेली माणसं. आमच्या गावच्या जमिनी कंपन्यांत गेल्या, उरलेल्या तुकड्यांवर लोकांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या, आणि बाप्यांना दिवसभर बसण्याशिवाय काम राहिलं नाही. कुणी हॉटेलात बसतं, कुणी देवळाच्या कट्ट्यावर, कुणी आपल्याच बिल्डिंगच्या जिन्यात. खोल्यांत राहणारी परभणी-लातूरकडची पोरं शिफ्टला जातात नि शिफ्टवरून येतात, आणि ही माणसं त्यांच्याकडे बघत राहतात. अशी नऊ चित्रं मी भराभर उरकली. दहावं सगळ्यात मोठं करायचं होतं. ते आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं.

आबांना विचारलं तर म्हणाले, काढ, पण सरपंचापेक्षा मोठं काढ. सरपंचाचं मी काढतच नव्हते, पण ते असो. आबा होतेच मोठे. मान अशी नव्हतीच, गालच थेट खांद्यावर उतरलेले, आणि पोटावरचं एक बटण कायम सुट्टीवर. प्लास्टिकच्या खुर्चीत बसले की खुर्ची दिसायची नाही. पहिल्या रविवारी मी मोशीच्या ट्रॅफिकला शिव्या घालत पोचले, तर हे इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, अत्तर लावून व्हरांड्यात तयार. आई म्हणाली, वरातीला निघालेत की काय कुणास ठाऊक.

आई माझ्या पाठीमागे पायरीवर सुपात तांदूळ घेऊन बसायची. तांदूळ निवडणं हे नावाला, खरं काम आबांना टोमणे मारणं. चित्रात तरी पोट आत घ्या म्हणावं. मिशीला कलप लावलाय तेवढा काळा रंग हाय ना गं तुझ्याकडं. आबा मिशीत हसायचे आणि माझ्या खांद्यावरून तिच्याकडे बघायचे. माझा नुसता तिळपापड व्हायचा. आबा, माझ्याकडे बघा, असं दहा वेळा सांगितलं असेल. बघतोय की, म्हणायचे, आणि नजर परत मागे. शेवटी वैतागून मी म्हटलं, मरू दे, दिसतंय तसं काढते, आणि त्याच सकाळी एका बैठकीत ते डोळे केले.

तसे डोळे माझ्या हातून आधी कधी झाले नव्हते. यात खोटा विनय कशाला दाखवू? पन्नास वर्षं ज्या बाईशी भांडलो तिच्याशी आजही भांडायला मजा येतेय, एवढं सगळं त्या दोन डोळ्यांत आलं होतं. आईला उठवून दाखवलं. तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, म्हाताऱ्याची नजर बघ कशी हाय. मग दिवसभर काही ना काही निमित्ताने व्हरांड्यात येऊन ती चित्रापुढे उभी राहायची.

मोठ्या तैलचित्राला वेळ लागतो. एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि मला शाळेमुळे रविवारच मिळायचा. शर्ट, हात, मागचा जिना, जिन्यात सोडलेल्या पोरांच्या चपला, असं चाललं होतं. तेवढ्यात आबांनी एकदा मटण नको म्हटलं. आई तेव्हाच घाबरली आणि तिचं चित्रापुढे येऊन उभं राहणं बंद झालं. आधी पित्त, मग शुगर, असं करत करत पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात पोटात दुर्बीण घालून बघितलं, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता त्यांना आवडेल ते खायला द्या. याचा अर्थ न कळण्याइतकी मी लहान नव्हते.

आबांना काय कळलं होतं ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. रविवारी मात्र बसायचे. शर्ट तोच, अत्तर तेच, पण गळ्याभोवती कॉलर सैल फिरायची, आणि बसले तरी आता खुर्ची दिसायची. माझ्यापुढे प्रश्न असा आला की चित्रात एक माणूस आणि खुर्चीत दुसरा. बघून काढायचं, आठवून नाही, हे मी मुलांना घसा बसेपर्यंत सांगत आलेली. मी आबांना विचारलं, पोट आता तेवढं राहिलं नाही, काय करू? ते म्हणाले, "हाय तसं काढ. उगं फुगवून कुनाला दाखवायचंय?"

मग मी काढलं. तैलरंगात तशी सोय असते, वाळलेलं नव्या रंगाने झाकता येतं. आधी पोट गेलं. मग खांदे उतरवले. मग गाल. गालांना मला फार वेळ लागला, कारण एका रविवारी ते पुरे करावेत तर पुढच्या रविवारी खुर्चीतले गाल आणखी आत गेलेले. आजार पुढे आणि मी ब्रश घेऊन त्याच्या मागे. आठवडाभर शाळेत वांग्याला सावली कशी द्यायची ते शिकवायचं, आणि रविवारी जाऊन आपल्या बापाच्या गळ्याचं हाड वर आणायचं. स्कूटरवरून परत येताना हेल्मेटच्या आत मी मोठमोठ्याने रडायचे. हायवेला कंपन्यांच्या ट्रेलरच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय?

नवा कॅनव्हास का घेतला नाहीस, हे मला आता येणारा-जाणारा प्रत्येक शहाणा विचारतो. पहिलं तसंच ठेवायचं आणि दुसरं सुरू करायचं, सोपं होतं की. सोपं कुणाला? नवा कॅनव्हास लावायचा म्हणजे पहिले आबा संपले, हे मान्य करायचं. ते माझ्याने होत नव्हतं. एकच माणूस, एकच चित्र, आणि ते अजून चालू आहे, एवढ्या आधारावर मी रविवार ते रविवार तग धरत होते. खरं सांगायचं तर मला ते पुरं करायचंच नव्हतं. चित्र बाकी आहे तोवर आबांना बसावं लागेल, आणि बसायचं तर असावं लागेल, असला वेडगळ हिशोब मी मनात धरला होता. कलादालनवाल्यांचा फोन आला की म्हणायचे, थोडंच राहिलंय.

डोळ्यांना मात्र मी हात लावला नव्हता. सगळा चेहरा बदलला, डोळे व्हरांड्यातल्या त्या सकाळचेच.

पुढे आबांना व्हरांड्यात आणणं जमेना. पलंग पुढच्या खोलीत घेतला, उशा लावून त्यांना टेकवून बसवायचं. आई आता माझ्या मागे नसायची. ती पलंगावर त्यांच्या कडेला, पेजेची वाटी घेऊन. टोमणे बंद झाले होते. माझ्या पाठीमागे नुसती भिंत, त्यामुळे आबांना माझ्या खांद्यावरून बघायला काही उरलं नव्हतं. त्यांची नजर चादरीवर पडलेली असायची. आणि चित्रात खप्पड गालांचा, हाडं वर आलेला माणूस कुणाकडे तरी बघून मिश्किल हसतोय. भेसूर दिसायला लागलं ते. बघवेना. दोन-तीन रविवार मी नुसती पॅलेटवर रंग काढून बसले आणि काही न करता उठले. मग एका सकाळी राखाडी रंग कालवला आणि डोळे बुजवले. खाली पडलेल्या पापण्या काढल्या. आई तेव्हा आत पेज गरम करत होती.

आबांनी विचारलं, "झालं का गं?"

मी म्हटलं, थोडं राहिलंय.

"मग पुढल्या रविवारी बसतो," म्हणाले.

बुधवारी गेले. शाळेत फोन आला तेव्हा फळ्यावर माझी अर्धी कळशी काढून झाली होती.

प्रदर्शन पुढे ढकलावं असं मला वाटत होतं, पण तारीख दिलेली होती आणि दालन परत कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. दिवसकार्य उरकल्यावर चित्रं चिंचवडला नेऊन टांगली. दहावं मधल्या भिंतीवर. लोक त्याच्यापुढे थांबायचे, हळू आवाजात बोलायचे. एक गृहस्थ मला म्हणाले की मॅडम, मृत्यू काय पकडलाय तुम्ही. मला त्यांच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. मी पकडलाय? त्याने आम्हाला पकडलं होतं, सगळ्या घराला. मी धन्यवाद म्हटलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, शाळेत पेढे वाटले, आणि मला ते सगळं दुसऱ्याच कुणाचं चाललंय असं वाटत होतं.

शेवटच्या दिवशी आई आली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. आधीची नऊ चित्रं तिने भाजी निवडावी तशी बघितली. गावचे सगळे म्हातारे ओळखले, एकाचं नाक चुकलंय म्हणाली, आणि खरंच चुकलं होतं. मग ती आबांपुढे आली. पिशवी खाली ठेवून चित्राच्या अगदी जवळ गेली. मला वाटलं रडेल, म्हणून मी हात धरायला पुढे झाले. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हे आजारपणातलं हाय. माझं कुठंय?"

मला कळलं होतं, तरी मी विचारलं, तुझं कोणतं?

"ज्यात ते माझ्याकडं बघत्यात."

मी सांगितलं की ते याच्याच खाली आहे. त्याच्यावरच हे काढलंय. मला वाटलं आता ती मला बोलेल, चारचौघांत बोलेल, आणि बोलावं असंही वाटलं. पण तिचा चेहरा उजळला. आमच्या घराच्या भिंती तिने जन्मभर स्वतःच्या हाताने रंगवल्या. दिवाळीच्या आधी लोखंडी पत्रीने वरचा रंग खरवडला की खालचा जुना निळा निघतो, हे तिने कितीदा बघितलेलं. "खालीच हाय ना?" ती म्हणाली. "मग वरचं काढ की."

फोनमध्ये एक फोटो होता माझ्याकडे, पहिल्या थराचा. तो दाखवला. ओला रंग चमकतो, नेमकी डोळ्यांवर उजेडाची तिरीप आलेली. ह्यात काय दिसंना, म्हणाली, आणि फोन परत दिला. खालचं निघणार नाही हे मी तिला तिथेच सांगायला हवं होतं. पोट काढताना, गाल काढताना एकेका थरात पुढचा थर मुरत गेला, ते आता वेगळे होत नाहीत. मी म्हटलं, बघते.

चित्र कासारवाडीच्या घरी आणून ठेवलं. एका रविवारी, आता रविवारी मला जायला कुठे नसतं, शर्टाच्या कोपऱ्यावर पातं लावून बघितलं. रंग निघाला, सगळाच निघाला. आजारपणातला शर्ट आणि त्याखालचा इस्त्रीचा शर्ट एकाच खपलीत आले आणि खाली कॅनव्हासचं सूत दिसलं. ते पातं मी परत डब्यात टाकलं. चित्र भिंतीकडे तोंड करून उभं केलं. त्यानंतर मी काही काढलेलं नाही, शाळेतल्या वांग्याशिवाय.

आईला हे सांगितलेलं नाही. तिचा रोज सकाळी फोन येतो. आधी माझ्या नवऱ्याची चौकशी, मग खोल्यांतल्या पोरांनी पाणी कसं वाया घालवलं ते, आणि मग आवाज खाली आणून, निघतंय का गं? मी म्हणते, हळूहळू निघतंय.

"घाई करू नको," ती म्हणते. "वेळ लागू दे. डोळं तेवढं जपून काढ."

मी हो म्हणते.