शोधलेल्या शब्दाला रंग नको

आमच्या भाऊजींइतका चिडका आणि चिडवणारा माणूस अख्ख्या मुरुडात नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मुंबईतली कॉम्प्युटरची नोकरी संपवून आमच्या शेजारच्या घरात राहायला आले ते एक काळा पडदा घेऊनच. त्यावर ना चित्र, ना बटण; माउसला हात लावलेला त्यांना खपत नाही. नारळ कधी पाडले इथपासून गोळ्या कधी घ्यायच्या इथपर्यंत सगळं त्या काळ्या एडिटरात, म्हणजे नुसत्या लिहिण्याच्या प्रोग्रामात, लिहायचं. माझ्या तीन खोल्यांच्या लॉजचं बुकिंगसुद्धा त्यांनी माझ्या कॉम्प्युटरवर तसलाच एडिटर घालून त्यात कोंबलं.

तशी त्या एडिटरची नि माझी ओळख जुनी. चाळिशीत मी स्वतःला फार हुशार समजत असे, कारण माझ्याकडे टायपिंगचं सर्टिफिकेट होतं. भाऊजी सुट्टीला ते जुनं, विजेवर चालणारं खोकं घेऊन आले, तशी ‘सरका, मी करते’ म्हणून बसले. आत शिरले, पण बाहेर कसं पडायचं ते कळेना. विचारणं कमीपणाचं. मग उठून घराचा मेन स्विच खाली ओढला आणि ‘अगं बाई, लाइट गेली!’ म्हणून मीच ओरडले. पंख्याखाली झोपलेले मामंजी घामाघूम होऊन उठले. ती शहाणी बाई आज भेटली तर दोन ठेवून देईन.

तर या एडिटरात शब्द शोधला की तो जिथे जिथे असेल तिथे पिवळा होतो. मला आवडतं. भाऊजींना तो रंग डोळ्यांसमोर नको. “वहिनी, सापडलं की काम संपलं. वर हळद कशाला फासायची?” असं म्हणून मला न विचारता ते रंग बंद करून जात. दिवाळीच्या गर्दीत एका पाटलांचा फोन आला, आमची खोली पक्की ना? मी ‘पाटील’ शोधलं, पहिलेच पाटील दिसले, “या हो” म्हटलं. फोनवाल्यांचं नाव खाली, पुढच्या आठवड्यात होतं. पिवळं असतं तर दोन्ही दिसले असते. एका दारात दोन पाटील कुटुंबं, पोरंबाळं, पिशव्या, आणि भाऊजी पायरीवर बसून म्हणतात, “एन दाबलं असतं तर दुसरे पाटीलही दिसले असते!” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. तेव्हापासून मी सेटिंगच्या फाइलीत ‘सेट एचएलसर्च’, म्हणजे रंग लाव, असं लिहायचं आणि भाऊजींनी संध्याकाळी येऊन एचएलसर्चच्या अलीकडे ‘नो’ चिकटवायचा, की रंग गेला. तोही माझाच चहा पिऊन!

गेल्या महिन्यात त्यांनी ‘नो’ चिकटवणं सोडलं. मला वाटलं, जिंकले. मग एका सकाळी मासळीवाली ओट्यावर टोपली टेकत म्हणाली, “बाय, तुमच्या दिरांनी पापलेट म्हणून हलवा नेला. मी सांगते हलवा हाय, तर माज्यावरच वरडले.”

मुरुडात जन्मलेला माणूस, आणि पांढरं पापलेट नि काळपट हलवा ओळखत नाही! तशीच तरातरा त्यांच्या घरी गेले. पाहते तर त्यांच्या पडद्यावर बोराएवढी अक्षरं, आणि शोधलेला शब्द पिवळासुद्धा नाही, कुंकवासारखा लालभडक.

“डोळे दाखवलेत का?”

“मला काही झालेलं नाही. मला हलवाच हवा होता.”

“आणि हे कुंकू?”

“गंमत म्हणून लावलंय. तुम्ही आधी तुमचे पाटील सांभाळा.”

असा संताप आला! ते पाणी प्यायला आत गेले, तेवढ्यात मी त्यांच्या फाइलीत ‘नो’ चिकटवला आणि एडिटर पुन्हा उघडून ठेवला. म्हटलं, आता ओरडू देत, मग मीही ओरडते. ते आले, बसले, दुपारच्या गोळीचं नाव शोधलं. थांबले. नाक काचेला टेकेल इतके पुढे वाकले. एकदा एन दाबलं, पुन्हा दाबलं. ओरडले नाहीत.

“वहिनी,” इतक्या हळू आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते, “जरा बघता का, कुठे सापडलंय ते?”

मी बघितलं, सांगितलं. ‘नो’ खोडला. आणि मग मीच ओरडले, “उद्या सकाळच्या एसटीनं अलिबागला जायचं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी येतेय. एक शब्द बोलायचा नाही!”

खरंच बोलले नाहीत. मला अजून त्याचाच राग येतो. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, काढला की दिसेल. दिसू दे एकदाचं. मग त्यांनी यावं, माझा चहा प्यावा आणि माझी पाठ वळली की तो मेला ‘नो’ चिकटवून जावं. मी पिवळा रंग लावूनच ठेवला आहे.