घरचा माणूस

चिमूरला लग्नं, मयती फोनवर लाईव्ह दाखवणारा एक जण माझ्या ओळखीचा आहे. लग्नात त्याचा कॅमेरा नुसता भिरभिरतो. मयतीत मात्र तो कॅमेरा खाली, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर ठेवतो आणि जागचा हलवत नाही. रडणाऱ्यांच्या तोंडाजवळ तर कधीच नेत नाही. मला तो आळस वाटायचा.

परवा शेजारच्या काकांना अग्नी दिला. त्यांच्या मुलाला परदेशातून येता आलं नाही, तो याचंच लाईव्ह फोनवर पाहत होता. माणसं पांगली तरी हा कॅमेऱ्यापाशी बसूनच. मी वैतागलो, "काऊन बसला भाऊ? बंद कर ना आता."

त्यानं स्क्रीन दाखवली. पाहणारा एकच उरला होता.

"घरचा माणूस अजून बसून आहे, सर. त्याच्या आधी आपण कसं उठाचं?"

मी चपला काढून त्याच्या बाजूला बसलो.