माल्टाच्या कपासाठी देव पाण्यात

आमचे दिगंबरभाऊजी बायको गेल्यावर अमेरिकेत पिस्कॅटवेला मुलाकडे, परीक्षितकडे गेले. मुलगा-सून ऑफिसला गेले की दिवस खायला उठायचा. शेवटी म्हणाले, "मे महिन्याचं तिकीट काढ बाबा. नागपूरला कुलूप उघडून राहतो एकटा." परीक्षितनं काढलं, मन मारून.

त्याच आठवड्यात शेजारचा साल्वू आला. म्हातारा मूळचा माल्टाचा. देश एवढासा की आपल्या नागपुरातली निम्मी माणसंही तिथं नाहीत. त्याच्या गावची टीम देशाच्या फुटबॉल कपात खेळत होती अन् याचा लॅपटॉप बंद. भाऊजींनी मोठ्या टीव्हीवर मॅच लावली, चहा ठेवला. फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण गाव जिंकलं अन् साल्वूनं अशी मिठी मारली की कप उपडा झाला.

मग प्रत्येक मॅचला तो यायचाच. हरलं की बाहेर, असला तो कप, पण गाव आपलं जिंकतच चाललं. सेमीफायनलला भाऊजींनी वाटीत पाणी घेऊन गणपती बुडवून ठेवला. गाव जिंकेपर्यंत देव पाण्यात! अन् चहा करायला गेले. साल्वूला वाटलं मूर्ती चुकून पडली. बिचाऱ्यानं काढली, रुमालानं पुसून टेबलावर ठेवली. तेवढ्यात समोरच्यांचा गोल!

"अरे, याला बाहेर कुणी काढलं?" भाऊजी तोडक्यामोडक्या इंग्रजीत ओरडले.

"बुडत होता! मी वाचवला!"

"त्याला वाचवून टीम बुडवतोस होय रे!"

गणपती परत वाटीत. पेनल्टीवर गाव जिंकलं.

फायनल नेमकी तिकिटाच्या तारखेनंतर. भाऊजी म्हणाले, "परीक्षित, तिकीट पुढं ढकल."

फायनल मात्र गाव हरलं. साल्वू टीव्हीकडे बघत तसाच बसून राहिला, डोळे भरलेले. भाऊजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पुढच्या वर्षी रे. मी आहे ना इथं."

परीक्षितनं ते ऐकलं अन् उभ्या उभ्या तिकीट कॅन्सल केलं.

पुढचं वर्ष काही आलं नाही. ऑगस्टमध्ये भाऊजी झोपेत गेले. जीव तुटतो. पण त्या कुलपाआड एकटे नाही गेले, पोराच्या घरी गेले, अन् आदल्या संध्याकाळी साल्वूशी बॅकयार्डात भांडत होते, नवा गोलकीपर कसा असावा म्हणून. साल्वूनं गुडघे दुखत असून खांदा दिला. देवा, त्या माणसाला उदंड आयुष्य दे.